पियानोच्या चाकांना ग्रीस

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही कोल्हापुरातल्या भाड्याच्या खोल्या सोडून स्वतःच्या घरात गेलो. सामानात बायकोचा पियानो होता, सासऱ्यांनी तिला लहानपणी आणून दिलेला. "ह्याचा एक जरी सूर बिघडला, तर मी आणि पियानो दोघंही सांगलीला," तिनं बजावलं. सांगली तिचं माहेर.

मी शिरोलीत लेथवर जन्म काढलेला माणूस. कारखान्यातली यंत्रं हलवणाऱ्या टोळीच्या मुकादमालाच बोलावलं. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण आदल्या दिवशी, बायको बाजारात गेलेली बघून, मी पियानोच्या चाकांना भरपूर ग्रीस चोपडलं. जड वस्तू जरा सहज सरकावी, एवढाच हेतू.

सकाळी मुकादमानं पियानो एका बोटानं ढकलून पाहिला, मग माझ्या बाहीवरचा काळा डाग पाहिला. टेम्पोतून जास्तीचा एक दोर तेवढा काढला.

गाद्यांत गुंडाळलेला पियानो नव्या दारात सुखरूप पोचला. उतरवायला टेम्पोला फळ्या लावल्या. "सावकाश," असा मी खालून हुकूम सोडला आणि पियानो थेट माझ्याकडेच निघाला. मी दोन्ही हात पसरले. कशासाठी, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या पोटापासून चार बोटांवर तो थबकला. टेम्पोच्या हुकाला वेढा घालून मुकादमानं पियानोला बांधलेला तो जास्तीचा दोर धरला होता.

"सायेब, चाकास्नी गिरीस कुणी लावलंय?"

"कंपनीतूनच आलं असेल."

"व्हय की. तुमच्या बाहीला बी कंपनीनंच लावलंय."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी टेम्पोकडे.

पियानो भिंतीला लागला तरी मुकादम हलेना. "ट्रायल घेतल्याबिगर आमी मशीन सोडत न्हाय. वैनी, चालू करा."

ती डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाली. मध्येच एक पट्टी नुसती टक् वाजली. मला सांगलीची एसटी दिसायला लागली. तिनं पुन्हा दाबली. पुन्हा टक्.

"ही लग्नाच्या आधीपासून अशीच आहे," म्हणत ती पुढं सरकली. शेवटच्या पट्टीपर्यंत एक सूर हलला नव्हता. मग तिनं दोन्ही हातांनी असं काही वाजवलं, की नवे शेजारी दारात येऊन उभे राहिले.

"ट्रायल पास," मुकादम म्हणाला. "आता च्या टाका वैनी. आन् सायेब, तुमी आदी हात धुवा."