ते अकरा दिवस माझ्या डायरीत कुणी लिहिले?

भानामती, करणी असलं काही कुणी बोलायला लागलं, की मी उठून जाणारी बाई. सायन्सची पदवीधर, आता सरकारी नोकरीत. हे वाचून तुम्ही हसलात तरी चालेल... पण घडलं तसंच सांगते.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मूळची नायगाव तालुक्यातली. लातूरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. घरून शेवटची संधी मिळालेली – यंदा नाही जमलं, तर लग्न. पहिल्या पानावर ‘मला अधिकारी व्हायचंय’ असं लिहून मी एक डायरी सुरू केली होती. रोज काय वाचलं, किती वाजता वाचलं, काय राहिलं, सगळं त्यात. एक दिवसही खाडा नाही.

घरमालकीण उदगीरच्या. सगळ्या पोरी त्यांना अव्वा म्हणायच्या. “उदगीर जिल्हा झाला की तूच तिथं साहेबीण होऊन ये,” असं मला चिडवायच्या. पाण्यापायी माझी रूमपार्टनर गावी निघून गेली, मी एकटीच राहिले. परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि मला ताप भरला. टायफॉईड. भाऊ येऊन घेऊन गेला. अव्वा तेव्हा मुलीकडं गेल्या होत्या, त्यांना सांगायचंही राहिलं. खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. डायरी, पुस्तकं सगळी आत.

अकरा दिवस नायगावला सलाईनवर होते. बाराव्या दिवशी, आई नको म्हणत असताना, लातूरची एसटी पकडली. अव्वा दारातच बसल्या होत्या.

“पिशवी घेऊन कुठं निघालीस गं?”

“निघाले न्हाई अव्वा, आले. गावाकडून.”

“कवा गेलतीस? काल सकाळी तर घागरभर पाणी दिलं तुला. गच्चीवर वाचत बसलतीस. रोजच बसून राहिलीस की.”

वाटलं, वय झालंय, घोटाळा होत असेल. पण त्या उन्हाळ्यात घागरभर पाणी कुणाला दिलं, हे कुणी विसरत नव्हतं.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत गेले, डायरी उघडली... आणि खाली बसले.

अकराही पानं भरलेली. अक्षर माझंच. माझा ‘ळ’ शाळेपासून जरा वाकडा येतो, तोही तसाच. ‘सकाळी ६ ते ८ – अर्थशास्त्र, चलनवाढ. पुन्हा वाचणे.’ ‘सकाळी ६ ते ८ – बँकिंग. झालं.’ अर्थशास्त्र हा मी भीतीपोटी मागं टाकलेला विषय. कोऱ्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणाही केलेल्या. अकराव्या पानावर शेवटची ओळ होती – ‘उद्या ती येईल.’

मी ओरडले नाही. भीतीही म्हणावी तशी वाटली नाही. आईला फोन लावला.

“आई, मी मधी कुठं उठून गेलते का?”

“उठतीस कशाची! खाटंवर पडून तर होतीस. सकाळचं तर लई भेव वाटायचं बघ. सहाला हाका मारायची, तर आठपर्यंत डोळे उघडायची न्हाईस. श्वास तेवढा चालू.”

मी तिला वेळ सांगितलेली नव्हती.

तीन दिवसांनी नांदेडला पेपर दिला. अंगात त्राण नव्हतं. अर्थशास्त्राचे प्रश्न आले आणि हात आपोआप उत्तरांवर जात गेला. ती प्रकरणं वाचल्याची आठवण नव्हती, उत्तरं मात्र येत होती. पुढची परीक्षा, मुलाखत सगळं पार पडलं. मी पास झाले.

डॉक्टर म्हणाले, तापात मेंदू काहीही करतो. करत असेल... पण मेंदू नायगावला होता आणि पानं लातूरला भरली. अव्वांना पुन्हा खोदून विचारलं, तर म्हणाल्या, “तूच होतीस. फक्त लई कमी बोलायचीस.”

आता मुलं-मुली भेटायला येतात. यशाचं रहस्य विचारतात. मी म्हणते, रोज डायरी लिहा. टाळ्या वाजतात, कुणीतरी ‘मॅडमच्या मेहनतीचं फळ’ असं म्हणतं, मी हसून मान हलवते. त्यातली अकरा दिवसांची मेहनत कुणाची, हे मला आजही माहीत नाही. तिचे आभार कुठं मानायचे, तेही.