बघितलं की न होणारा बिघाड

जावई वारल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, त्याच्याबद्दल चार ओळी लिहा ना." सासरे गडबडले. एका घरात राहूनही जावई त्यांना फारसा कळलाच नव्हता. ठाऊक होतं ते एवढंच, की त्याने लिहिलेल्या नेटवर्कच्या कोडमध्ये एक बिघाड होता. कोडचे दोन भाग आपापलं कुलूप धरून दुसऱ्याचं सुटायची वाट बघत बसायचे आणि अख्खं मशीन गोठायचं. ते कुठे अडतात हे बघायला त्याने तपासणी चालू केली, की मशीन मंदावायचं आणि बिघाड व्हायचाच नाही. बंद केली, की पुन्हा गोठलंच.

"तू डोळे वटारतोस, म्हणून शहाण्यासारखं वागतं रे ते," सासरे म्हणायचे. तो कसनुसा हसायचा.

बिघाड सापडला नाही, तर त्याचं कित्येक वर्षांचं काम कंपनी काढून टाकणार होती. शेवटी काढलंच, पण सासऱ्यांना ते फार उशिरा कळलं. ते काढलं त्याच संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं विचारलं होतं, "काय जावईबापू, काही हाती लागलं का?"

"मशीन आता गोठत नाही, बाबा."

"वा! मग सुटलास की."

"हो. चहा टाकू?"

"टाक. अर्धाच कप."