दुसऱ्या बाजूचा हात

भुरीबाईच्या झोपडीच्या दारातून लेकीच्या सासरचा धूर दिसायचा. त्या तांड्यात सकाळी चुली पेटल्या की ती हातातलं काम थांबवून बघायची. त्या धुरात एक रेघ बिजलीच्या चुलीची असणार, एवढं तिला पुरायचं.

मधे नाला होता. बोरी अरबचा बाजार, सडक, दवाखाना, सगळं नाल्यापलीकडे. उन्हाळ्यात त्यात पाचोळा उडायचा. पण तळ काळ्या मातीचा. चार सरी पडल्या की बैलबंडीचं चाक मधल्या तुंब्यापर्यंत, निम्मं रुतायचं, आणि पूर आला तर माणूसही अडायचा.

१९५८ च्या उन्हाळ्यात बिजलीला दिवस गेले होते. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण आपल्या हातानं करायचं, हे भुरीबाईनं लेकीच्या लग्नातच ठरवलं होतं. नवरा गेल्यावर सडकेची गिट्टी फोडून तिनं ही एकच पोर वाढवली होती. लेकीला माहेरी आणायचं विचारायला ती व्याह्याकडे, हिरासिंगकडे गेली.

"पेरणी उरकू द्या, समधीन," हिरासिंग म्हणाला. "मंग न्या. पन बंडीनं न्या. पोटुशी पोरीले मी चिखलातून पायी नाही धाडत."

"बंडी येईन. औंदा रपटा होऊन राह्यला."

ती खोटं बोलली नव्हती. शंकरसिंग नायकानं भुरीबाईच्या तांड्याची बैठक घेतली होती. नाल्याच्या तळात दगड रचून गाडीवाट करायची. ज्याच्या घरी बंडी आहे त्यानं बरडावरचे दगड भरून आणायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पलीकडच्या गावाचे रामराव पाटीलही हो म्हणाले, कारण त्यांचं घर तिकडे आणि कपाशी इकडे. एकाही माणसानं हरकत घेतली नाही. भुरीबाईला त्याचा फार आनंद झाला. भीती वाटायला हवी होती.

ठरल्या दिवशी ती उजाडताच निघाली. बंडी नव्हती, म्हणून घमेल्यात दगड घेतले. ती पोचली तेव्हा देवीलालची बंडी काठावर उभी होती, तिच्यामागं तांड्यातल्या बाकीच्या. सगळ्या भरलेल्या. बैल धापा टाकत होते. समोरच्या काठावर पाटलांच्या दोन बंड्या येऊन थांबल्या, त्याही भरलेल्या.

भुरीबाई उतारानं तळात गेली, घमेलं रिकामं केलं आणि वर बघत राहिली. वरून कोणी येईना.

"कर ना खाली, देवीलालभाई," मागचा लखीराम ओरडला.

"पाटलाची होऊ दे पह्यले. मंग माही."

"पंगतीत तर पह्यला बसतं लेका!"

"पंगतीत वाढनारा समोर दिसते. इथं कोन दिसून राह्यलं?"

सगळे हसले. पलीकडून रामरावांनी हाक दिली, "नायक, तुमच्या बंड्या जास्त. तुमच्या खाली झाल्या का आमच्या करतो."

"तुमी मोठे मानूस, पाटील. तुमी सुरू करा," नायक म्हणाला.

"मोठा कायचा? मी आपला दोन बंड्यावाला!"

पुन्हा हसू. बिड्या पेटल्या. आणि तळात उभ्या भुरीबाईला आपल्या बापाचे बैल आठवले.

तिचा बाप लदणीचा माणूस. बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडलेल्यांपैकी शेवटचा. त्याच्या शेवटच्या फेऱ्यांत लहानगी भुरी चालली होती. गोणी जोडीची असायची, बैलाच्या पाठीवर दोन्हीकडे लोंबणारी. ती एकट्यानं चढत नाही. दोघं दोन बाजूंना उभे राहायचे आणि एकदम उचलायचे. एकानं आधी उचलली तर ती पलटी खाऊन दुसऱ्याच्या पायावर पडायची. म्हणून दुसऱ्या बाजूचा हात गोणीखाली दिसल्याशिवाय कोणी उचलायचं नाही, ही तांड्याची शिकवण. बैलाची दोरी धरणारं पोर मधे उभं असायचं. त्याला दोन्ही हात दिसायचे. ते हाक द्यायचं, "होऽऽ लद!" भुरीचा आवाज लांब जायचा, म्हणून दोरी तिच्याकडे.

ही माणसं त्याच घरांतली. गोणी गेल्या, बैल बंडीला जुंपले, पण शिकवण अंगात राहिली होती. पाटलांना ती कुठून लागली कोण जाणे. नाल्याच्या दगडाला दुसरी बाजू नसते. तो एकट्यानं टाकला तरी पडतो आणि पडल्या जागी राहतो. तिनं वर जाऊन हे सांगायला तोंड उघडलं.

"भाईहो, पाटलाच्या हाताची वाट कायले..."

"काकी, तुही बंडी कोठी हाय?" लखीराम म्हणाला. "बिनबंडीचीनं सांगू नाही."

ती रिकामं घमेलं घेऊन बाजूला झाली. 'होऽऽ लद'ची हाक तिनं दिली नाही.

ऊन चढलं तसे बैल वळवले गेले. बरडावरचा दगड पहारीनं सुटा करणं, उचलणं, बंडीत रचणं, भरली बंडी उन्हात ओढून आणणं, हे काम. ते सगळ्यांनी केलं होतं. बंडी मागं उलाळून दगड ओतायला किती वेळ लागतो? तेवढं सोडून सगळं झालं, आणि दगड आले तसे परत गेले. देवीलालच्या घराला ओटा झाला. नायकाच्या बांधाला डागडुजी झाली. पाटलांनी विहिरीपाशी धुण्याची जागा बांधली.

भुरीबाई गिट्टीच्या कामावरून आल्यावर रोज एक घमेलं तळात टाकत राहिली. घमेल्यात मावणारे ते लहान दगड पहिल्या पुरानं नेले.

पेरणी उरकली. हिरासिंगनं नाल्यावर येऊन चिखल पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली. लेकीच्या सासरी मुक्काम करायची रीत नव्हती. मग झड लागली. पाणी हटेना. सकाळी धूरही दिसेना.

झड उघडली तो बाजाराचा दिवस होता. वरच्या रानातलं पाणी अजून नाल्यात उतरत होतं. मीठ-मिरची संपलेली, म्हणून सगळा तांडा काठावर येऊन अडला. नायक, लखीराम, देवीलाल, सगळ्यांच्या बंड्या. पलीकडे रामराव निंदणाच्या बाया घेऊन खोळंबलेले. ठरल्या दिवसापेक्षाही त्या दिवशी माणसं जास्त होती.

पलीकडच्या गर्दीतून बिजली पुढं आली. अंग हलकं झालेलं. छातीशी गाठोडं.

"याडीऽऽ!"

याडी, म्हणजे आई. भुरीबाईला तेवढीच हाक ऐकू आली. पुढचं पाण्यानं खाल्लं.

"काय झालं? पोरगा का पोरगी?" भुरीबाई ओरडली. बिजलीनं कानाला हात लावला. तिलाही ऐकू येत नव्हतं. गाठोड्याचा फडका तेवढा दिसत होता.

भुरीबाई पाण्याच्या कडेला गेली. छाती भरून घेतली.

"होऽऽ लद!"

गवताचा भारा डोक्यावर चढवताना बिजलीनं हीच हाक ऐकली होती. तिला ती कळली. तिनं फडका सोडला आणि लेकरू दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं.

इकडच्या काठावर देवीलालचा हात हाकेसरशी आपसूक बंडीखाली गेला होता, काही उचलायचं असल्यासारखा. बंडी रिकामी होती. त्यानं हात काढून घेतला.

लेकरू लहान होतं, लाल होतं. पाय हलवत होतं. पोरगा का पोरगी, तोंड कुणासारखं, ते एवढ्या लांबून कळेना. बिजलीचे हात थकले, खाली आले.

"होऽऽ लद!" भुरीबाईनं पुन्हा हाक दिली.