पेपरावरचा जाड कपॅसिटर

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही अण्णांना ओळखत नाही, म्हणून असेल.

अण्णा म्हणजे माझे वडील. निपाणीहून येऊन त्यांनी चामराजपेटेत जन्मभर रेडिओ दुरुस्त केले. म्हातारपणी त्यांच्या पहिल्या मोटारीतला व्हॉल्व्हचा रेडिओ बंद पडला, आणि दर रविवारी आम्ही दोघं तो उघडून बसायला लागलो. पेन्सिलीच्या रबरानं ते एकेका व्हॉल्व्हवर टकटक करत, कान लावत, मान हलवत. मी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात महागड्या यंत्रांवर सर्किटं तपासते — पण असं दुखणं ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फार लाडके आहेत ते माझे.

एका रविवारी दुखणं सापडलं: एक कपॅसिटर गेला होता. अण्णांनी डब्यातून बोटाएवढा जाड, नवा निवडून पेपरावर ठेवला. "स्वल्प थांब. चहा घेऊन येतो, मग लावू."

थांबले का मी? पर्समध्ये कारखान्यातला एक होता — इवलासा, चकचकीत, थोडेच व्होल्ट सोसणारा. बॅटरी बारा व्होल्टची, मग एवढं धूड कशाला? लावून मोकळी झाले. त्या रेडिओच्या पोटात बाराचे शेकडो व्होल्ट होतात, हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. पण शहाणी ना मी!

अण्णांनी येऊन बटण फिरवलं. फाट्‌कन आवाज, धूर — आतला ट्रान्सफॉर्मर जळाला. तसला आता कुठं मिळत नाही.

"कुठला लावलास गं?"

"तुम्ही ठेवलेला तोच."

जाड कपॅसिटर तेव्हा माझ्या मुठीत होता.

त्यांनी आपल्या बोटांकडे बघितलं. "मग माझंच चुकलं की. डोळे गेले बघ माझे."

मूठ उघडली का मी? नाही. पुढच्या रविवारी त्यांनी आपलं सोल्डरिंग आयर्न फडक्यात गुंडाळून मला दिलं. शेजारी कुणी मिक्सर घेऊन आलं तर म्हणतात, "अक्का, आमच्या पोरीला दावा. ती चुकत नाही." वर कौतुकानं माझ्याकडे बघतात — ते बघणं मला सोसत नाही.

परवा टीव्हीच्या रिमोटमध्ये त्यांनी सेल घातले आणि तो माझ्यापुढे धरला. "तू बघ गं एकदा. माझ्या हाताचा काय भरवसा?"

सेल बरोबर होते. मी ते काढले, आणि परत तसेच घातले.