ताईच्या फोनमधला माझा आवाज

माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा बाहेरून ऐकला तो उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, मी कामाला जाते त्या गाऊनच्या कारखान्यात धागे कापताना. समोर बसणाऱ्या बाईच्या फोनमधून तो येत होता. आधी मला कळलंच नाही की ही मी आहे. एवढा बारीक, घाबरल्या पोरीसारखा आवाज असेल माझा, असं वाटलं नव्हतं. मग त्या आवाजाच्या मागून माझ्या सासूबाई ओरडल्या, "अगं दूध बघ, गेलं उतू!" आणि माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

हे झालं कसं ते लिहिते. कुणाला दाखवायला नाही. बोललेलं पसरतं हे मी बघितलं आहे. लिहिलेलं निदान माझ्याजवळ राहील.

आम्ही बदलापूरच्या कडेला, खरवईला राहतो. तिथे एका संस्थेची ताई यायची. तिने बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांचे नंबर घेऊन एक ग्रुप केला होता. त्यावर ती मेसेज टाकायची, की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर लवकर कळला तर बरा होतो, तिशीच्या पुढच्या प्रत्येकीने तपासून घ्या, दुखत नाही. बायका खाली हात जोडलेलं चित्र टाकायच्या आणि कुणी जायचं नाही. मी चित्रही टाकत नसे. पण मेसेज वाचायचे. चौथी झाली आहे माझी. वेळ लागतो, पण वाचता येतं.

वाचायचे कारण मला भीती होती. पाळी नसताना माझ्या अंगावरून लाल जायचं, आणि हे जवळ आले की दुसऱ्या दिवशी हमखास. म्हणून मी ह्यांना टाळायला लागले होते. कधी कंबर दुखते म्हणायचे, कधी सासूबाईंना रात्री उठायला सोबत लागते म्हणून त्यांच्याशेजारी अंथरूण टाकायचे. हे आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला नाही.

एका दुपारी ताई घरी आली आणि काही न विचारता माझ्याबरोबर मेथी निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, मेसेज कोण उघडतं ते मला दिसतं. तुम्ही सगळे उघडता. काही आहे का?"

मी मेथीकडे बघत सगळं सांगितलं. तिने हाताला माती तशीच ठेवून माझा हात धरला.

तिनेच मला अंबरनाथच्या शिबिराला नेलं. घरी कंबरेचा डॉक्टर सांगितला. आत एका बाई डॉक्टरांनी बदकाच्या चोचीसारखं काहीतरी घातलं आणि औषध लावलं. चायनीजच्या गाडीवर येतो तसा आंबट वास आला. औषधाने आत पांढरा डाग उठला, म्हणाल्या. हा कॅन्सर नाही, पण ठेवला तर पुढे होऊ शकतो. तिथेच तो जाळून टाकला. मला नुसती कळ आली पोटात. "पण वर्षाने पुन्हा यायचं हं," डॉक्टर म्हणाल्या. "कधी कधी डाग परत येतो. आला आणि बघितलाच नाही, तर आजचं सगळं फुकट."

परत येताना ताई माझ्यापेक्षा खूष होती. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. मला इथे येऊन एवढी वर्षं झाली, पण मैत्रीण म्हणावी अशी तीच पहिली.

मग एक दिवस म्हणाली, "वहिनी, एक काम कराल? हे जे मला सांगितलंत ना, तेच माझ्या फोनमध्ये बोला. घाबरणाऱ्या बायकांसाठी."

"मला नाही जमणार. मी चार बायकांत बोलत नाही."

"इथे बाई कुठे आहे? फोन आहे. आणि तुमचा आवाज कुणी ऐकणारच नाही. आमच्या ऑफिसातली बाई तुमचं बोलणं ऐकून स्वतःच्या आवाजात वाचेल. नाव नाही, गाव नाही."

"नक्की ना?"

"माझ्या मुलीची शपथ, वहिनी."

मी ओट्याशी उभी राहून बोलले. सगळं बोलले. लाल जाण्याचं, ह्यांच्यापासून लांब झोपण्याचं, कंबरेचं खोटं, चोचीचं, आंबट वासाचं. ती मान हलवत होती. तिच्या त्या मानेकडे बघून मी बोलत गेले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, दूध उतू गेलं होतं. ताई आणि मी दोघी हसलो. ती म्हणाली, "हे काढून टाकू."

कॅम्प एकमध्ये त्या दिवशी मी मान वर केली नाही. पण आमच्याच बिल्डिंगमधून तिथे कामाला येणारी एक आहे. तिने सासूबाईंचा आवाज ओळखला.

"अगं, ही तर तुझी सासू! मग बोलणारी कोण?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आमची शेठाणी गल्ल्यावरून उठून आली. "मौसी, ये आप हो? आप तो चाय भी इशारे से मांगती हो!"

"कंबर दुखते सांगितलंस होय नवऱ्याला? थांब, मी पण आजपासून दुखवते."

"पण किती दिवस उपाशी ठेवलंस गं त्या गरीबाला?"

हसल्या सगळ्या. वाईट मनाने हसल्या असं नाही. हसण्यासारखं होतंच ते, दुसऱ्या बाईचं असतं तर मीही हसले असते. ज्या बाईच्या फोनमध्ये ते होतं तिला मी विचारलं, तुला कुठून आलं? म्हणाली, वांगणीच्या नणंदेने पाठवलं, तिला कर्जतवरून आलं. कितीजणींकडून फिरून ते माझ्यापर्यंत आलं होतं.

संध्याकाळी ताई जिन्यात भेटली. मी एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणाला होता दुसरी बाई वाचेल."

"वाचून घेतलं होतं, वहिनी. खरंच. ऐकवू? छान वाचलंय. पण ते जाहिरातीसारखं वाटतं. एक बाई आली नाही ते ऐकून. मग तुमचं एकाच ग्रुपवर टाकून बघितलं, तर पुढच्या शिबिराला बसायला जागा नव्हती. बायका मला सांगतात, त्या बाईचं ऐकून आलो. तुमचं पुण्य आहे हे."

"सासूबाईंचा आवाज आहे त्यात. तो काढणार होता."

मग ती खरं बोलली. "काढला होता. पण काढल्यावर खोटं वाटायला लागलं. त्या दुधामुळेच बायकांना वाटतं, ही खरी कुणीतरी आहे."

म्हणजे चुकून झालं नव्हतं. बसून ऐकलं होतं, काढलं होतं आणि पुन्हा घातलं होतं. मी ओळखली जाईन हे तिला माहीत नव्हतं असं मी कसं मानू?

"रागावलात?" तिने हात धरला.

मी नाही म्हणाले. मला दुसरं काही बोलता येत नाही.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा पण आवाज आलाय म्हणे. नीट आलाय का?" ह्यांना कंपनीत चहाच्या वेळेला कुणीतरी ऐकवलं. घरी येऊन डबा मोरीत ठेवला आणि पाठमोरेच म्हणाले, "गावाला सांगितलंस. मला नाही."

मी गावाला नव्हतं सांगितलं. एका बाईला सांगितलं होतं. हे त्यांना सांगायचं होतं, पण ते बाहेर जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. नंतर घरात बोलणं राहिलं ते मीठ, पाणी, लाइटबिल एवढंच.

वर्ष होत आलं तसे ताईचे मेसेज यायला लागले. वहिनी, तारीख जवळ आली. वहिनी, मी येऊ का बरोबर? वर दिसायचं तेवढं वाचायचे, उघडले नाहीत. खरं लिहायचं तर मला वाटायचं, जाऊच नये. माझ्या आवाजाने सगळ्या जातात ना, मग मीच नाही गेले तर तिला काय वाटेल? डाग परत आला तर तिला काय वाटेल? असं वाटून बरं वाटायचं मला. काही दिवस गेले त्या बरं वाटण्यात. मग एकदा कपडे धुताना परकराला बारीकसा डाग दिसला. ताई कुठेच नव्हती त्या मोरीत. मी होते आणि तो परकर होता.

अंबरनाथला गेले नाही, तिथे ताई असते. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात गेले, एकटी. शेठाणीला अर्धा दिवस मागितला, कशाला ते सांगितलं नाही. खिडकीतल्या बाईने विचारलं, "मोबाईल नंबर?"

"नाही."

"हातात फोन आहे की, मावशी."

"आहे. देत नाही."

"अहो, मग रिपोर्ट कसा कळवणार?"

"मी येईन विचारायला."

तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण पुढे विचारलं नाही. ठरलेल्या दिवशी मी पुन्हा गेले. डॉक्टर म्हणाल्या, डाग परत आलेला नाही. दिसलं ते पाळीचंच असेल, जरा लवकर आलेलं. जा निवांत.

बाहेर आले. पहिल्यांदा मनात आलं ते ताईला फोन करावा असंच. सवयीने. फोन पिशवीत खाली ढकलला.

हे जेवायला बसले होते. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी वाढता वाढता म्हणाले, "पुन्हा तपासायला गेले होते. चांगलं आहे सगळं."

त्यांनी विचारलं, "आणि कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"त्या ताईला?"

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, खरं बोलते की नाही हे बघतात तसे. मग म्हणाले, "बरं," आणि भात मागितला.