ताऱ्याची डावी बाजू

नाताळची कार्डं आम्ही घरीच करतो. पट्टी लावून घड्या मी घालतो आणि ताऱ्याचा रबरी शिक्का माझी बायको रोझी उमटवते. यंदा वाळत ठेवलेली कार्डं पाहिली, तर प्रत्येक ताऱ्याची डावी बाजू कोरी होती.

"शिक्का झिजला वाटतं," मी म्हणालो.

"अहो, नाताळची कार्डं आहेत, सातबारा नाही," ती हसली. "छान उमटलेत सगळे तारे."

मी तोच शिक्का त्याच पॅडवर दाबून एका कार्डावर उमटवला. तारा पूर्ण आला.

शिक्क्याला मन नसतं आणि तब्येतही नसते. तो धड असूनही ठसा अर्धा येत असेल, तर उमटवणाऱ्याकडे पाहावं लागतं. संसारात आपण गळका नळ आणि सैल बिजागरी तेवढी तपासतो. माणसं ठीकच आहेत असं धरून चालतो. परवा तिच्या डाव्या हाताशी ठेवलेला चहा तसाच गार झाला होता. ती विसरली असेल, असं मी धरलं होतं.

मी तिचं एक आणि माझं एक, अशी दोन्ही कार्डं तिच्यासमोर ठेवली. "यांत काय फरक आहे, सांग."

तिने चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं.

"दोन्ही सारखीच तर आहेत," ती म्हणाली, आणि तिने पुढचं कार्ड ओढलं.