उतरत्या रेघेवरचे भोईर सर

तळवलीत कुंदन भोईरला सगळे ‘सर’ म्हणत, पण तो नक्की शिकवतो काय हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. भाऊबंदांनी इमारती उठवल्या, हा गणित घेऊन बसला. खारघरच्या एका कॉलेजात सतरा वर्षं तासिका तत्त्वावर राबला. “यंदा परमनंट होनार हाय,” असं त्याची आई गोजरा सांगत राहिली आणि सांगता सांगता म्हातारी झाली.

शेवटी एक कायम जागा निघाली. कुंदन पंचेचाळिशीला टेकलेला. ही हुकली की संपलंच, हे तो जाणून होता. गुण देणं निवड समितीच्या हातात, नियम एकच: अनुभव किंवा शोधनिबंध वाढले तर गुण घटता कामा नयेत.

एमएस्सीच्या वर्गात कुंदन अशीच फलनं, म्हणजे फंक्शन्स, शिकवायचा, दोन चलांची, कुठलंही चल वाढलं तरी न घटणारी. एकच चल असेल तर त्यांच्या किमतीतल्या उड्या एकेक करून मोजता येतात. दोन चलं आली की त्या उड्या एखाद्या उतरत्या रेघेवरही दाटीने बसू शकतात. तिथल्या कुठल्याही दोन बिंदूंत एकाचं हे चल जास्त, दुसऱ्याचं ते. त्या रेघेवर खालच्या नि वरच्या बाजूच्या मधली कुठलीही किंमत द्या, नियम शाबूत. तरी संकलन, म्हणजे सगळ्या किमतींची बेरीज, बिनघोर निघतं, कारण रेघेचं क्षेत्रफळ शून्य; तिच्यावरचं काही बेरजेत मोजलंच जात नाही. हे सांगताना गडी अगदी रंगात यायचा.

जागा सुमेधा राजवाडेला मिळाली. तिची नऊ वर्षं, अकरा निबंध. याची सतरा वर्षं, चार निबंध.

“भोईर सर, कोर्टात जा. आमी आहोत,” सहकारी विलास म्हणाला.

कुंदनने स्टाफरूममध्येच कागदावर दोन अक्ष काढले, एक वर्षांचा, एक निबंधांचा, दोघांचे बिंदू मांडले, जोडले. रेघ उतरती आली. समितीने लबाडी केलेली असावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने तासभर शोधली. नियम कुठेच मोडला नव्हता. निकाल उलटा लागला असता तरी मोडला नसता. त्याने कागद चुरगाळला.

घरी गोजरा वाट बघत बसली होती. “कोनी वशिला लावला का रं?”

“नाय गं आई. कोनाचीच चूक नाय. आमाला धरला काय नि सोडला काय, बेरीज तीच येते.”

गोजराला बेरजेचं काही कळलं नाही. 

“मंग शिव्या तरी कोनाला घालाच्या?” तिने विचारलं.